रागाचा पत्ता

लोकांचा राग खरा असतो. तो कुणाच्या दारात न्यायचा, हे सांगण्याचे काम विरोधकांनी सोडले आणि चिथावणीखोरांनी उचलले.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडले. गाव संतापले, पण कुणी काठी उचलली नाही. सावकाराच्या शेतात कुणी राबेना, न्हावी त्याची हजामत करीना, परीट कपडे घेईना, सुतार-लोहार त्याच्या कामाला हात लावीना. पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, आजच्या दौंड तालुक्याला लागून असलेल्या सुप्याच्या बाजारात मात्र हा संयम सुटला. आसपासच्या गावांतून जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले व जाळले. दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलेले ते बंड या मातीत सुरू झाले.

त्या रागाची कारणे लांब होती. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचा भाव कोसळला, सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास तीस वर्षांनी झालेल्या फेरआकारणीत सरकारने शेतसारा वाढवला. शेतकरी या दोन्हींच्या मध्ये चिरडला गेला. त्याला समोर दिसत होता तो फक्त गावातला मारवाडी-गुजर सावकार. म्हणून हल्ला मुख्यतः ‘परमुलखी’ सावकारांवर झाला. स्थानिक सावकार बरेचसे वाचले. राग शंभर टक्के खरा होता, पण त्याचा पत्ता अर्धाच बरोबर होता. उरलेला अर्धा पत्ता शोधण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका यांच्या पिढीने कुणब्याच्या हलाखीची माहिती गोळा केली, साऱ्याचे आकडे मांडले आणि सरकारला त्यांची दखल घ्यायला लावली. दंग्यांची चौकशी करायला आयोग बसला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कर्जरोख्यावरच्या अंगठ्यापाशी न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. विरोधी राजकारण म्हणजे काय, याचा हा आपल्या घरचा धडा आहे. लोकांच्या रागाला खऱ्या हिशेबापर्यंत घेऊन जाणे, हेच ते काम.

दीडशे वर्षांनी याच मुलखात उलटे घडताना दिसले. दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये जुलै २०२५ च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली. हा गुन्हा होता, आणि त्याबद्दलचा संताप स्वाभाविक होता. ३१ जुलैला तिथे जनआक्रोश मोर्चा निघाला. त्यात भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर आणि राष्ट्रवादीचे आमदार संग्राम जगताप यांची भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून जमाव रस्त्यावर उतरला. वाहने जाळली गेली, मालमत्तेची मोडतोड झाली, पोलिसांना अश्रुधुराचा वापर करावा लागला आणि जमावबंदी लागू झाली. भाषणाने दगड उचलला असे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नाही. पण एका गुन्हेगाराच्या कृत्याचा जाब एका संपूर्ण वस्तीला विचारायचा, ही रीत या भागात आपोआप उगवलेली नाही. ती पेरावी लागते. सत्तेत असलेल्यांनीच मोर्चात उतरून आक्रोश करायचा, तर तो नेमका कुणापुढे? गृहखाते त्यांच्याच सरकारचे, पोलीस त्यांचेच. सत्ता हाती असून पीडिताची भाषा बोलणे आणि स्वतःच्या जबाबदारीचा पत्ता शेजाऱ्याच्या दारावर चिकटवणे, हे चिथावणीखोर राजकारणाचे खरे लक्षण आहे.

या भागाने याहून मोठी किंमत आधीच मोजली आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकमध्ये डिसेंबर २०१७ च्या शेवटी एका समाधीजवळच्या फलकावरून वाद झाला. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमाला लढाईच्या द्विशताब्दीला अभिवादनासाठी आलेल्या लोकांवर दगडफेक झाली, सणसवाडीपर्यंत जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. राज्यभर त्याचे पडसाद उमटले. त्यानंतर वढूतल्या दोन्ही बाजूंच्या गावकऱ्यांनी एकत्र बसून सामोपचाराची वाट धरली, हे मात्र फार थोड्यांना आठवते. गावाला जे जमले ते राजकारणाला जमले नाही. निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखालचा चौकशी आयोग फेब्रुवारी २०१८ मध्ये नेमला गेला, तेव्हा त्याला चार महिन्यांची मुदत होती. मुदतवाढीमागून मुदतवाढी झाल्या. मधली अडीच वर्षे, नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२, महाविकास आघाडीचे सरकार होते. आज जे विरोधात बसून द्वेषाच्या राजकारणाविरुद्ध बोलतात, त्यांच्या हाती तेव्हा राज्य होते. त्या काळात ही चौकशी तडीस नेऊन सत्य लोकांपुढे मांडले असते, तर यवतच्या आधी या पट्ट्याच्या हातात एक आरसा असता.

विरोधकांचे अपयश हे चिथावणीखोरांच्या यशाइतकेच गंभीर आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. आणि हे अपयश अटळ नव्हते, याचा पुरावाही शिरूर-दौंडनेच दिला आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, ४० टक्के निर्यातशुल्क लावून झाले होते. चाळीत कांदा भरून भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. १९ डिसेंबरला शिरूरचे खासदार अमोल कोल्हे आणि बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांच्यासह अनेक विरोधी खासदार लोकसभेतून निलंबित झाले. सभागृहाचे दार बंद झाल्यावर ते रस्त्यावर आले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिवनेरीपासून पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला. कांद्याची निर्यात, दुधाचा भाव, पीकविमा, बिबट्यांचा उपद्रव असलेल्या भागात शेतीला दिवसा वीज, अशा मागण्या त्यात होत्या. तिथेही आक्रोश होता, पण त्याचा पत्ता बरोबर होता. राष्ट्रवादी पक्ष फुटला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि घड्याळ चिन्हही अजित पवारांच्या गटाला दिले. तरीही जूनमध्ये मतमोजणी झाली तेव्हा शिरूर आणि बारामती या दोन्ही लोकसभा जागा विरोधकांनी मोठ्या फरकाने जिंकल्या. दौंड तालुका बारामतीत येतो, म्हणजे दोन्ही तालुक्यांचे खासदार विरोधी पक्षाचे झाले. राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या.

पुढचे सहा महिने विरोधकांनी कसे घालवले? सरकारने जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आणली, दरमहा १,५०० रुपये. निवडणुकीत सत्ताधारी ते २,१०० करू म्हणाले. विरोधकांनी ३,००० देऊ म्हणून उत्तर दिले. बाईच्या हातात पैसा जाणे चांगलेच आहे. घराच्या चुलीला त्याचा आधार होतो, हे नाकारणाऱ्याला गाव माहीत नाही. पण ज्याने आधीच हप्ता खात्यात जमा केला आहे, त्याच्यापुढे दुप्पट बोली लावून कुणी जिंकत नाही. विरोधकांनी विचारायला हवे होते ते वेगळेच प्रश्न होते. याच बाईच्या घरचा कांदा मातीमोल का झाला? रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत तिच्या मुलाला कायम नोकरी का मिळत नाही? डिसेंबरात हे प्रश्न विचारणारे ऑक्टोबरात जागावाटपाच्या बैठकांत अडकले. दुसऱ्या बाजूने ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ गावोगाव पोचले होते. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. दौंडमधून भाजपचे राहुल कुल, शिरूरमधून अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ज्ञानेश्वर कटके निवडून आले. विधानसभेच्या २८८ जागांपैकी ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १० मिळाल्या. एकाही विरोधी पक्षाकडे सभागृहाच्या एक दशांश जागा नव्हत्या, म्हणून विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली.

पराभवाची बाहेरची कारणे आहेत आणि ती खरी आहेत. पक्ष फोडले गेले, चिन्हे गेली, तपास यंत्रणांचा धाक होता, पैशाचा पूर होता. पण यांतले बहुतेक सगळे जूनमध्येही होते. तेव्हा मतदाराने त्यावर मात केली. मग नोव्हेंबरात त्याला काय कमी पडले, हे आत डोकावून पाहावे लागेल.

पहिली गोष्ट, माणसे. दौंडमध्ये विरोधकांचे उमेदवार रमेश थोरात निवडणुकीच्या तोंडावर अजित पवारांच्या गटातून आले. शिरूरमध्ये सत्ताधाऱ्यांचे उमेदवार कटके ठाकरेंच्या शिवसेनेतून गेले. लोकसभेला शिवाजीराव आढळराव पाटील अनेक वर्षांचा धनुष्यबाण ठेवून घड्याळावर लढले होते. यांतल्या कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. ही साऱ्या जिल्ह्याची रीत झाली आहे. मात्र कालपर्यंत तिकडे असलेला माणूस आज इकडून ‘लोकशाही धोक्यात आहे’ म्हणतो, तेव्हा पारावरचा म्हातारा गप्प बसतो आणि तरुण मोबाईलकडे वळतो. त्या मोबाईलमध्ये कुणीतरी त्याला ठाम, सोपा आणि खोटा शत्रू दाखवत असतो. ठाम खोट्यापुढे डळमळीत खरे टिकत नाही.

दुसरी गोष्ट, जागा. माणूस प्रश्न विचारायला शिकतो तो सभागृहात नव्हे, तर सभासद म्हणून. साखर कारखान्याची वार्षिक सभा, सोसायटी, बाजार समिती, पंचायत समिती या ग्रामीण विरोधाच्या शाळा होत्या. उसाला भाव किती, काटा बरोबर आहे का, कर्ज कशासाठी काढले, हे शेतकरी उभा राहून विचारायचा. पुढे न्हावऱ्याचा घोडगंगा बंद पडण्याची वेळ आली, भीमा-पाटस भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. या कारखान्यांची सूत्रे एका ठिकाणी विरोधकांकडे, दुसऱ्या ठिकाणी सत्ताधाऱ्यांकडे राहिली. सभासदाला दोन्हीकडे हिशेब मागण्याची सवय सुटली, हे दुखणे सामाईक आहे. त्यात मार्च २०२२ पासून पुणे जिल्हा परिषदेवर आणि पंचायत समित्यांवर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिला. लोकांनी निवडलेले कुणी नव्हते, म्हणून विरोधात बोलणारेही कुणी नव्हते. या प्रश्नावर विरोधकांनी गावागावांत रान उठवायला हवे होते. ते न्यायालयाच्या तारखांकडे पाहत बसले. ज्या मैदानात जाब विचारायचा तेच मोकळे सोडले, मग तिथे चिथावणीची सभा भरली तर आश्चर्य कसले?

केवळ आघाड्या बांधूनही हे सुटत नाही. हंगेरीत २०२२ मध्ये सहा विरोधी पक्ष एक उमेदवार घेऊन व्हिक्टर ऑर्बान यांच्याविरुद्ध उभे राहिले, आणि ऑर्बान दोन तृतीयांश बहुमताने परत आले. बेरीज कागदावर होती, खेड्यापाड्यांत त्या बेरजेला माणूस नव्हता. महाराष्ट्रातल्या जागावाटपाच्या वाटाघाटींना हाच रोग जडला आहे.

गावात तो माणूस नसला की काय होते, हे शिरूरने पाहिले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत बिबट्याने तीन जीव घेतले. त्यांत लहान मुले होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, महामार्ग रोखला. हा रागही करड्याच्या रागाइतकाच खरा. ऊस, वीज, वस्ती आणि वनखात्याची अपुरी तयारी यांचा गुंता त्यामागे आहे. शिवनेरीच्या मोर्चातली दिवसा विजेची मागणी याच गुंत्याची होती. ती तेव्हा उचलणाऱ्यांनी मधल्या काळात महिन्यामहिन्याला तिचा पाठपुरावा लोकांपुढे मांडला असता, तर आज त्यांच्या शब्दाला वजन असते.

म्हणून आमचे विरोधकांना सांगणे साधे आहे. शांततेची आवाहने करा, ती हवीतच. पण यवतला दंगलीनंतर नव्हे, दंगलीआधी जा. पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध सर्वांत आधी तुम्ही करा, आरोपीला शिक्षा मागा, आणि त्याच व्यासपीठावरून शेजाऱ्याच्या दुकानाचे रक्षण करू असे सांगा. मते जातील या भीतीने गप्प राहाल, तर महाराजांचे नावही तुम्ही दुसऱ्याला देऊन बसाल. आपल्या ताब्यातल्या कारखान्याचा आणि सोसायटीचा हिशेब आधी स्वतः चावडीवर ठेवा, मग सरकारकडे मागा. ग्रामसभेला हजर राहा. दर महिन्याला प्रत्येक गटात कांदा, दूध, पाणी, वीज यांचा लेखी ताळेबंद वाचून दाखवा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची चित्रफीत पसरत नाही, त्यावर टाळ्या पडत नाहीत. सार्वजनिक सभेचे कामही असेच होते.

शिरूर-दौंडचा माणूस द्वेषाला भुललेला नाही. त्याने सहा महिन्यांत दोन वेगळे कौल दिले, ते प्रत्येक वेळी समोर काय ठेवले गेले ते पाहून. त्याचा राग अजून शिल्लक आहे, कारण त्याची कारणे शिल्लक आहेत. करड्याच्या गावकऱ्यांना सावकाराचे दार दिसत होते, साऱ्याचे पुस्तक दिसत नव्हते. ते कुणीतरी उघडून दाखवले, म्हणून कायदा झाला. आजचे ते पुस्तक उघडायला विरोधक उठणार नसतील, तर जमाव पुन्हा शेजाऱ्याच्याच दारात जाईल, आणि त्या वेळी दोष फक्त जमाव नेणाऱ्याचा नसेल.