मैत्री काय आपोआप होते?



मागच्या रविवारी पाठशाळा सुटल्यावर एक बाई मला म्हणाल्या, "काकू, नातवाला थोडे दिवस घरीच ठेवा ना. तो कुणात मिसळत नाही, बाकीची मुलं बिथरतात." तिथे मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

नातू 8 वर्षांचा. भक्तामराच्या 48 श्लोकांपैकी 30 त्याला तोंडपाठ आहेत, बक्षिसाचा स्टीलचा डबाही मिळालाय. पण पकडापकडी चालू असली की मध्येच घुसतो, आऊट झाला की रडतो, आणि मग खांबापाशी एकटा उभा. डॉक्टरांनी ऑटिझमची सौम्य लक्षणं सांगितली.

पुण्याला मुलीकडे गेले होते तेव्हा अशा मुलांचा एक वर्ग पाहिला. पाच-सहा मुलं, आठवड्यातून एक तास. चालू खेळात शिरायचं कसं, एवढंच त्या दिवशी शिकवत होत्या. आधी जवळ उभं राहून बघायचं, खेळ कोणता ते ओळखायचं, खंड पडला की हळूच आत जायचं. हरल्यावर काय म्हणायचं, याचं चक्क नाटक करून घेतलं. आयांनाही घरचा अभ्यास! अमेरिकेत एलिझाबेथ लॉगसन यांनी बसवलेल्या 'पीअर्स' कार्यक्रमातही आईबाप शेजारच्या खोलीत हेच शिकतात.

आपल्याकडे यावर उत्तर ठरलेलं, "ही नवी फॅडं. आमच्या वेळी अंगण होतं." होतं ना. पण त्या अंगणाच्या कडेला बसलेलं एक पोर आठवतंय का? आपण त्याला 'घुम्या' म्हणायचो. मीही म्हटलंय. त्याचं पुढे काय झालं, कुणी विचारलं?

आणि नवं तरी कसलं? 1941 साली राष्ट्र सेवा दल निघालं, तेव्हा संध्याकाळच्या शाखेत वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं मुद्दामच एकत्र खेळवली जात. आपल्या जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी त्याच विचाराचे. जे आपोआप होत नाही, ते घडवावं लागतं हे त्या लोकांना कळत होतं.

एक मात्र मला पटत नाही. काही ठिकाणी अशा मुलाला बळेच डोळ्यांत बघायला लावतात, चारचौघांसारखं वागायला लावतात. सगळं त्यानेच का शिकायचं? बाकीच्यांनी त्याला हाक मारायला शिकू नये?

मी बी.कॉम., जमाखर्च मांडायची खोड आहे. आपल्या चार भावनांत पहिली मैत्री. क्षमावाणीला आपण साऱ्या जीवांशी मैत्री जाहीर करतो. पाठशाळेत तिच्यासाठी वेळ किती? शून्य मिनिटं. पाठांतराला दीड तास.

दर आठवड्याला रत्नागिरीहून पुण्याला जाणं परवडायचं नाही. म्हणून येत्या रविवारी पाठशाळा सुटल्यावर मी ओट्यावर सापशिडीचा पट मांडून बसणार आहे. नातू असेलच. आणखी चार मुलं हवीत. त्या बाईंचा मुलगा आला तर त्याला पहिला फासा.