हाव कुणाची, किल्ली कुणाची?

बाईच्या हातून पैसा गेला की पहिला शब्द ऐकू येतो तो 'हाव'. पुरुष बुडाला तर धंद्यात खोट आली, बाई बुडाली तर तिला अक्कल नव्हती! नव्या, छोट्या क्रिप्टो टोकनांत फसलेल्या बायका आमच्या समुपदेशन केंद्रात येतात, तेव्हा पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा घरी कळण्याची भीती मोठी असते. एका शिक्षिकेनं तक्रारच केली नाही. नवरा पगाराचं एटीएम कार्ड काढून घेईल, ही तिची धास्ती. फसवणाऱ्याला हेच मौन हवं असतं. म्हणून 'त्या भानगडीत पडू नका' एवढं सांगून आपण कार्यकर्त्यांनी मोकळं होऊ नये.

ही फसवणूक चालते कशी? नवं टोकन कुणीही काही मिनिटांत तयार करू शकतं. खरेदी-विक्रीसाठी निर्माता एका सामायिक साठ्यात नवी टोकनं आणि बाजारात चालणारं एखादं चलन ठेवतो. घेणाऱ्यांचा पैसा त्याच साठ्यात जमतो. भाव चढला की निर्माता चालतं चलन काढून घेतो. आपल्याकडे टोकनं तेवढीच राहतात, पण त्यांचे पैसे करता येत नाहीत.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेचं नाव लावून 'स्क्विड' टोकन निघालं. मालिकेशी त्याचा काही संबंध नव्हता. १ नोव्हेंबरला भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला. निर्माते सुमारे ३३ लाख डॉलर घेऊन पसार झाले. टोकन घेता येतं पण विकता येत नाही, अशी तक्रार लोक आधीपासून करत होते. मोठ्या माणसाचं नाव हीही हमी नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हावियेर मिले यांनी समाजमाध्यमावर 'लिब्रा' टोकनविषयी लिहिलं. भाव चढला आणि काही तासांतच कोसळला.

आपल्या अनेक बचत गटांत पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि वही तिसरीकडे असते. तेच प्रश्न इथे विचारायचे. साठ्याला कुलूप आहे का, आणि किती काळासाठी? निर्माता मनात येईल तेव्हा आणखी टोकनं काढू शकतो का? बहुतेक टोकनं दोन-चार खात्यांतच आहेत का? ही वही सार्वजनिक असते, मोबाइलवर पाहता येते. घेतलेलं थोडं टोकन लगेच विकून पाहिलं का? आणि आपल्या पाकिटाचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कुणी मागितले, तर तो चोरच समजावा.

सगळी उत्तरं बरी आली तरी जोखीम उरतेच. विक्री नंतरही बंद करता येते. शिवाय २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणून गटाचा, फीचा, औषधाचा पैसा इथे कधीही घालू नये.

फसवणूक झालीच तर त्याच दिवशी १९३० वर फोन करावा, व्यवहारांचे पुरावे जपावेत. 'गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारा बहुधा दुसरा ठगच असतो.

पैशावर बाईचा हक्क आपण मागतो, तेव्हा तो कुठे घालावा हे ठरवण्याचा हक्कही त्यात येतो. त्यासाठी लागणारी माहिती तिला कोण देणार? येत्या शिबिरात बचतीच्या सत्रातला एक तास या विषयाला द्यावा. आणि फसलेली बाई आपल्या दारात आली, तर 'तू का घातलेस?' हा प्रश्न आपण तरी विचारू नये. पैसे कुणी नेले, तिथून बोलायला सुरुवात करू या.