दार उघडेच होते

आमच्या प्राध्यापक-कक्षाचे दार मी कधी लावलेले पाहिले नाही. तरीही पहिल्या वर्षी त्या दारातून मी एकदाही आत गेले नाही. दार उघडे असणे निराळे आणि आपणही आत जाऊ शकतो हे ठाऊक असणे निराळे. या दोहोंच्या मध्ये किती विद्यार्थी गळतात, त्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नसते.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा अर्थशास्त्र आणि इंग्रजी या दोन विषयांत मी अनुत्तीर्ण होते. गुणपत्रिकेवर ‘ए.टी.के.टी.’ अशी अक्षरे होती. राहिलेले विषय नंतर द्यावेत व तोवर पुढे शिकत राहावे, असा त्यांचा अर्थ. आज मी तो कोणालाही सांगेन. त्या दिवशी मात्र एवढेच कळले की आपण नापास झालो, वर्ष गेले. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, तेव्हा विचारणार कोणाला? वडील रागावले नसते. ‘जाऊ दे बाळ, नशिबात नव्हतं’ एवढेच म्हणाले असते, आणि मला भीती होती ती त्याचीच.

त्याच निकालानंतर आमच्या वर्गातला एक मुलगा यायचा बंद झाला. एमआयडीसीत कामाला लागल्याचे पुढे कळले. तो अडला होता एकाच विषयात.

मी टिकले ती योगायोगाने. कॉलेज सोडायचे ठरवून ग्रंथालयाची पुस्तके परत करायला गेले होते. ‘सत्र सुरू होतंय आणि सगळीच पुस्तकं परत का गं?’ असे ग्रंथपाल मॅडमनी विचारले आणि मला रडू आले. त्यांनी ए.टी.के.टी.चा अर्थ सांगितला, जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढून दिला, पुस्तकपेढीचा अर्ज भरून घेतला आणि अर्थशास्त्राच्या सरांपुढे नेऊन उभे केले. मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांचा मी सत्रभर घातलेला घोळ सरांनी वीस मिनिटांत सोडवला. मग म्हणाले, ‘इतके दिवस कुठे होतीस?’

प्रश्न आपुलकीचा होता. पण त्याचे खरे उत्तर असे, की मी रोज तुमच्यासमोर तिसऱ्या बाकावर होते, सर.

प्राध्यापकांचीही एक तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. जादा तास ठेवले तर वर्ग रिकामा राहतो, असे ते म्हणतात. परंतु त्या तासांची सूचना कशी लागते? ‘स्लो लर्नर्ससाठी जादा वर्ग’! हा शब्द महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या कागदपत्रांतून आला आहे, आणि तो तिथेच राहिलेला बरा. ज्या खोलीत पाऊल टाकताच आपण मठ्ठ ठरतो, त्या खोलीत मैत्रिणींच्या देखत कोण जाईल? शिवाय तो तास साडेतीनचा, आणि आमच्या गावची एस.टी. तीनची. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक प्राध्यापक नेमलेला असतो म्हणे. माझे कोण, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. यादी काचेच्या फळ्यात होती, पण ती आपल्यासाठी आहे हे कोणी सांगितले नव्हते.

केवळ शाळा काढून भागत नाही, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह उभे केले, आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे तिथे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तर १९२४ साली साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. वर्गाबाहेरचा हा आधार त्यांनी उपकार मानला नाही. तो शिक्षणाचाच भाग होता. आज प्रवेश मिळतो, पण प्रवेशानंतरचा आधार ज्याने त्याने शोधायचा असतो. ज्यांच्या घरी आधीच कोणी शिकलेले आहे त्यांना तो जेवणाच्या ताटावर मिळतो. आम्हाला तो कुठे असतो हेच ठाऊक नसते.

दोष आमचाही आहे. शंका विचारणाऱ्याला आम्ही हसतो, गाईड पाठ करतो आणि न समजलेल्या गोष्टीला मान डोलावतो. ‘कळले नाही’ हे दोन शब्द उच्चारायला मला पूर्ण एक वर्ष लागले.

मागणे फार मोठे नाही. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वर्गात ए.टी.के.टी., पुनर्मूल्यांकन आणि पुस्तकपेढी यांची माहिती तोंडी द्यावी. जादा तासाला ‘शंका-समाधान’ म्हणावे आणि तो एस.टी.ची वेळ पाहून ठेवावा. मार्गदर्शक प्राध्यापकांनी निकालानंतर निदान एकदा आपल्या विद्यार्थ्यांना स्वतः बोलावावे.

माझे अर्थशास्त्र सुटले, इंग्रजी अजून बाकी आहे. यंदा पहिल्या वर्षाचा निकाल लागेल त्या दिवशी आम्ही चौघीजणी ग्रंथालयाच्या पायरीवर बसणार आहोत. कोणी सगळी पुस्तके परत करायला निघालेले दिसले, तर आधी आम्हीच विचारू.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला