इंजिनिअरच्या हाती झाडूच का?

इंजिनिअरिंगची मुले समाजसेवा करतात ती रेझ्युमेसाठी, ही तक्रार कॉलेजच्या स्टाफरूममध्ये नेहमीची. तक्रार खरी आहे. पण त्यात गैर काय, हे कोणी सांगत नाही. चार वर्षांची फी, वर मेस आणि खोलीचे भाडे, अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज. अशा मुलाने गावात जाताना नोकरीचा विचार मनात आणू नये, ही अपेक्षा जरा ढोंगीच म्हणायची. शिकाऊ डॉक्टर इंटर्नशिपमध्ये ग्रामीण आरोग्य केंद्रात जातो तो शिकायलाच जातो. त्याचा सेवाभाव किती निर्मळ आहे, हे तिथे कोणी तपासत बसत नाही आणि त्याच्या हाती स्टेथोस्कोपच असतो, फावडे नसते. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला मात्र आपण गावात नेतो आणि खराटा देतो. दोष त्याच्या हेतूत शोधण्यापेक्षा आपण त्याला दिलेल्या कामात शोधायला हवा.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार स्वयंसेवकांसह सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा साचा. त्या शिबिरांनी शहरी मुलांना गाव दाखवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हा साचा सगळ्या शाखांसाठी एकच. प्रभातफेरी, वृक्षारोपण, रक्तदान, ग्रामस्वच्छता, शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते सत्कार आणि ग्रुप फोटो. यात इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आणि इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थिनीचे काम वेगळे ओळखता येत नाही. पुढे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट आणले: चार वर्षांच्या विद्यार्थ्याला १००, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याला ७५. उद्देश चांगला होता. पण जिथे पॉइंट मोजायचे, तिथे माणूस पॉइंटच जमवतो. शेवटच्या सेमिस्टरला प्रमाणपत्रांची जी धावपळ चालते, ती पाहिली की या योजनेत नेमके काय मोजले जाते ते कळते.

याउलट ही मुले खऱ्या तांत्रिक कामावर कशी तुटून पडतात, याचा पुरावा पुण्यातच आहे. तिथल्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ यानातून अवकाशात गेला. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी काही वर्षे त्यावर काम केले. सीनिअर पास होऊन गेले, ज्युनिअरांनी त्यांच्या नोंदी वाचून काम पुढे नेले. दत्तक घेतलेल्या गावाच्या वाट्याला ही शिस्त सहसा येत नाही. यंदाच्या तुकडीला गेल्या वर्षीची तुकडी तिथे काय करून गेली, हेही माहीत नसते. कारण लिहून ठेवण्यासारखे काही घडलेलेच नसते.

गावात इंजिनिअरचे काम कोणते? नळपाणी योजना घ्या. जलजीवन मिशनचे माप दरडोई रोज ५५ लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. टाकीजवळच्या घरात १५ लिटरची बादली ४० सेकंदांत भरते आणि वस्तीच्या टोकाला तिला तीन मिनिटे लागतात, असे समजा. पाणी अर्धा तास सुटत असेल, तर टोकाच्या घराला दहा बादल्या मिळतात. दरडोई ३० लिटर. टाकीजवळच्या घराला त्याच वेळात ४५ बादल्या भरता येतात. योजनेच्या कागदावर दोन्ही घरांत ‘नळजोडणी पूर्ण’ अशीच नोंद! हे शोधायला बादली, मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि वही पुरते. मग गळती कुठे, व्हॉल्व्ह कुठे हवा, पंप किती तास चालतो आणि त्याचे बिल इतके का येते, हे प्रश्न ओळीने येतात. हायड्रॉलिक्सचा जो पेपर पाठ करून सोडवला जातो, तो इथे समजून घ्यावा लागतो.

ही कल्पना नवी नाही. आयआयटी मुंबईत १९८५ पासून चाललेले ‘सितारा’ केंद्र ग्रामीण प्रश्नांवरच काम करते. २०१६ साली राज्याने त्याच्या साथीने उन्नत महाराष्ट्र अभियान आखले, ते जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी भोवतालच्या प्रश्नांचा अभ्यास करावा म्हणूनच. आता राज्यातल्या नव्या अभ्यासक्रमात कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्टला श्रेयांकही आहेत. चौकट तयार आहे; तिच्यात पुन्हा प्रभातफेरी भरली नाही म्हणजे मिळवली.

अर्धवट शिकलेल्या मुलांच्या हाती गावाची योजना द्यायची का, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असे की योजना द्यायची नाही, मोजमाप द्यायचे. दुरुस्तीचा निर्णय पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याचा. त्याच्याकडे बहुधा नसते ती घरागणिक आकडेवारी मुलांनी पुरवायची. दुसरा आक्षेप कंपन्यांचा. कॅम्पसची पहिली चाळणी म्हणजे गुणांची अट, केटी नसणे आणि ऑनलाइन टेस्ट. तिथे गावचे काम कोण विचारतो? कोणीच नाही, हे मान्य. पण तिथे शिबिराचे प्रमाणपत्रही कोणी विचारत नाही. फरक पडतो तो मुलाखतीत. फायनल इयरचा प्रोजेक्ट तयार विकत मिळतो, हे आता गुपित राहिलेले नाही, आणि समोरच्याने दुसरा उपप्रश्न विचारला की विकतचा प्रोजेक्ट उघडा पडतो. स्वतः पाणी मोजलेली मुलगी पाचव्या उपप्रश्नालाही उत्तर देते.

वेळेचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. रोज लोकलने किंवा एसटीने ये-जा करणाऱ्या, संध्याकाळी कुठेतरी काम करणाऱ्या मुलाला फेस्टची कमिटी परवडत नाही आणि शिबिराचे सात दिवसही जड जातात. म्हणूनच हे काम सुट्टीवर किंवा रविवारवर ढकलू नये, वेळापत्रकातल्या प्रॅक्टिकलच्या तासांतच बसवावे. लॅबमधल्या ठरावीक प्रयोगांपैकी दोन कमी झाले, तर बिघडणार नाही. त्यांची जर्नले तशीही एकमेकांची पाहूनच लिहिली जातात.

विद्यापीठांनी एवढी एक अट घालावी: ग्रामपंचायतीला मराठीत लेखी अहवाल मिळाल्याची पोच असेल, तरच श्रेयांक. आणि सरपंच, ग्रामसेवकांना विनंती की पुढच्या वेळी कॉलेजचे सर ‘मुलांसाठी काही काम आहे का’ असे विचारत आले, तर त्यांच्यापुढे पाणीपुरवठ्याचे वीजबिल ठेवा आणि ते एवढे का येते, हे शोधून मागा.