यादी तंबाखूपासून सुरू करूया

कॅन्सर टाळायला काय खावं, यावर हल्ली सगळ्यांकडे सल्ला असतो. हळदीचं दूध, ग्रीन टी, चिया सीड्स. कॅम्पातल्या बेकरीसमोर पेस्ट्री खात आम्हीही असले रील्स एकमेकांना पाठवतो. माझं म्हणणं एवढंच, की बेळगाव-निपाणीच्या माणसाने ही यादी तंबाखूपासून सुरू करावी.

भाज्या, फळं, कडधान्यं खावीत, चालावं, वजन आटोक्यात ठेवावं. याने धोका कमी होतो, यात वाद नाही. आमच्या कॅथलिक घरांना टोचेल असंही काही आहे. दारूने कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. सॉसेज-बेकनसारख्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये त्याच यादीत घातलं. अर्थात यादी एक असली तरी धोका सारखा नसतो. तंबाखूचा कितीतरी मोठा. आणि सुपारीही त्याच यादीत आहे, तंबाखूशिवाय खाल्ली तरी. ‘साधी सुपारी चालते की’ म्हणत पाहुण्यांपुढे ठेवतो, तीच. लेंटचे चाळीस दिवस मटण सोडणारे आमच्यातले काहीजण खिशातली पुडी मात्र सोडत नाहीत.

पण इथे नुसता उपदेश पुरत नाही. निपाणीचं पोट तंबाखूवर भरलंय. 1981 मध्ये शरद जोशींसोबत शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या इथल्या बायकांवर अनिल अवचटांनी लिहिलंय. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला ‘लाइफस्टाइल बदला’ सांगणं ही थट्टाच. तिला दुसरं काम आणि शेतकऱ्याला परवडणारं दुसरं पीक मिळणं, हीसुद्धा कॅन्सरविरुद्धची लढाई आहे.

आपल्या हातात काय? 2003 च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी घातली. आपल्या गेटपासून पावलं मोजून बघूया. घरात कोणाच्या तोंडात पांढरा चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाऊया. आणि कोणाला कॅन्सर झालाच, तर ‘काय खात होता?’ हा पहिला प्रश्न नको. कधीच तंबाखू न खाल्लेल्यांनाही तो होतो. आजार ही शिक्षा नव्हे. पहिला प्रश्न असावा, ‘दवाखान्यात सोबत कोण येतंय?’