विश्लेषण : साठीनंतरची कामेच्छा मोजायची कशी?

साखर मोजता येते, रक्तदाब मोजता येतो. इच्छा कशी मोजणार? उतारवयात टेस्टोस्टेरॉन दिल्याने कामेच्छा वाढते का, हा प्रश्न बरीच वर्षे इथेच अडला होता. अमेरिकेतील ‘टेस्टोस्टेरॉन ट्रायल्स’चे निष्कर्ष फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बरेचसे उत्तर मिळाले.

मोजणी कशी झाली?

वय ६५ किंवा त्याहून अधिक, टेस्टोस्टेरॉन कमी, असे ७९० पुरुष निवडले. काहींना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचे जेल दिले, बाकीच्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. इच्छेसाठी ० ते ३३ गुणांची प्रश्नावली होती. खरे जेल लावणाऱ्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा सरासरी सुमारे ३ने अधिक वाढले.

३ गुण म्हणजे किती?

खरी मेख इथे आहे. आकडेशास्त्राच्या दृष्टीने फरक पक्का. पण घरात तो जाणवतो का? म्हणूनच संशोधकांनी थेटही विचारले : सुरुवातीपेक्षा इच्छा वाढली का? ‘वाढली’ म्हणणारे टेस्टोस्टेरॉनच्या गटात जास्त निघाले. मला हा साधा प्रश्न गुणांपेक्षा मोलाचा वाटतो. मात्र लैंगिक क्रियाशीलतेतील वाढ वर्ष संपता संपता ओसरू लागली होती. जाहिरातवाले हे वाक्य गाळतात.

जोखीम काय?

२०२३ च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष होते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वाढले नाहीत. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्या जास्त आढळल्या. इच्छा इथेही वाढली, ताठरतेत मात्र विशेष फरक पडला नाही.

आपल्याकडे काय होते?

रक्ताचा अहवाल आधी वाचला जातो, माणसाला नंतर विचारले जाते. अनेकदा विचारलेच जात नाही. आजोबा लाजतात, डॉक्टरांना घाई असते. इच्छा मधुमेहाने, नैराश्याने, काही औषधांनीही मंदावते, जोडीदार गेल्यानेही. त्यावर जेल काय करणार? सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन तपासावे. उपचाराआधी चार प्रश्न लिहून विचारावेत आणि काही महिन्यांनी तेच पुन्हा. उत्तर बदलले नसेल, तर पुढची ट्यूब घेण्याआधी डॉक्टरांना ‘आता कशासाठी?’ असे विचारायला लाजू नये.