कोंडवाडा : कुंपणाचा खर्च कोणाच्या माथी?

कोंडवाडा म्हटला की गावाच्या कडेची पडकी दगडी भिंत आणि मोडका दरवाजा एवढेच बहुतेकांना आठवते. दया पवार यांच्या १९७४ च्या कवितासंग्रहाने हा शब्द साहित्यात नेला. परंतु कोंडवाड्याचा जमाखर्च क्वचितच कोणी वाचतो. वसाहतकालीन सत्तेचा स्वभाव जाणण्यास तो लढायांच्या सनावळीहून अधिक उपयोगी आहे.

१८७१ च्या पहिल्याच क्रमांकाचा कायदा हा ‘कॅटल ट्रेसपास ॲक्ट’. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे आणि मालकाने दंड भरून ते सोडवावे, अशी त्याची योजना. दंडाचे दर असे : हत्ती २ रुपये, उंट व म्हैस ८ आणे, घोडा, बैल व गाय ४ आणे, वासरू, गाढव व डुक्कर २ आणे, शेळी-मेंढी १ आणा. (पिकात घुसलेला हत्ती कोंडवाड्यापर्यंत कोणी ओढत न्यावा, याबद्दल कायदा मौन बाळगतो.) वैरण-पाण्याचा आकार निराळा. सात दिवसांत मालक न आल्यास पोलिसांना वर्दी, मग दवंडी, आणखी सात दिवसांची वाट आणि अखेरीस लिलाव.

खरी गोम अठराव्या कलमात आहे. दंडाच्या आणि बेवारस जनावरांच्या लिलावाच्या रकमेतून कोंडवाडा सांभाळणाऱ्याचा पगार द्यावा, भिंतींची डागडुजी करावी आणि उरलेला पैसा रस्ते, पूल व इतर लोकोपयोगी कामांस लावावा, असे मूळ कायद्याचे म्हणणे. म्हणजे हे खाते स्वतःच्या कमाईवर चालायचे, आणि जितकी गुरे अडकतील तितकी शिल्लक वाढायची. अशा व्यवस्थेला जनावरांची सोय म्हणणे धाडसाचे आहे.

उभे पीक रात्रीतून फस्त होणे हे शेतकऱ्याचे दुःख खरेच होते. त्याला दाद हवीच होती. पण या दंडातून त्याच्या हाती काय पडले? काहीच नाही. दंड कोंडवाड्याच्या तिजोरीत जाई. नुकसानभरपाई हवी असल्यास दिवाणी दाव्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली होती, पण चार काकऱ्यांच्या ज्वारीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? दोन गरीब एकमेकांसमोर उभे राहिले, आणि कुंपणाला छदामही न घालता सरकारच्या पदरी दंड पडला.

रानाच्या हद्दीवर हाच कायदा अधिक कठोर झाला. गावची गायराने जंगलखात्यात ओढली गेल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ मध्येच केली होती. पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिरलेल्या गुरांसाठी दंड वाढवण्याची मुभा सरकारला दिली : गायीला १ रुपयापर्यंत, म्हणजे चौपट, शेळीला ८ आण्यांपर्यंत, म्हणजे आठपट. हत्तीची वाढ पाचपटीवर थांबली. ज्याच्याकडे केवळ शेळ्याच होत्या, त्याच्यावर सर्वांत जड ओझे पडले. आधी चराऊ रान काढून घेतले आणि मग त्याच रानात पाऊल टाकल्याचा दंड लावला. कुंपणच शेत खाते, ते असे.

हा हिशेब इतिहासजमा झालेला नाही. आजही अनेक ग्रामपंचायतींच्या अंदाजपत्रकात ‘कोंडवाडा’ हे शीर्ष जमेच्या बाजूला आढळते. भाकड गाय किंवा थकलेला बैल सोडवण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त झाला, की मालक फिरकत नाही. मग वैरणीचा भार कोणी उचलायचा, असा वाद सुरू होतो. वैरण, पाणी आणि पशुवैद्य यांची तरतूद दंडाच्या वसुलीवर न टांगता खर्चाच्या बाजूला स्वतंत्रपणे झाली पाहिजे. उरलीसुरली गायरानेही गुरांसाठीच राखली पाहिजेत. गावच्या अंदाजपत्रकाची प्रत मागून तेवढ्या दोन ओळी शोधणे कोणाही वाचकाला शक्य आहे.